पावडरीचं दूध

"कुणी सांगितलं होतं म्हशीच्या तोंडात हात घालायला?" गवळी गोठ्याच्या दारातूनच ओरडला.

"मग काय करायचं होतं?" सासूनं उजवा हात पदराखाली लपवला. "घशात काहीतरी अडकून गुदमरत होती ती. समोर बसून टाळ्या वाजवू? म्हटलं, बिटाचा तुकडा अडकला असेल. पार घशापर्यंत बोटं घातली. निघालं काहीच नाही, लाळ मात्र कोपरापर्यंत आली."

"आणि हे रक्त?"

"दात लागले. म्हशीला दात असतात, जावईबापू. एवढी वर्षं दूध काढताय, दुसऱ्या टोकाकडं कधी बघितलेलं दिसत नाही."

म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, आवाज बसला होता, आणि मधूनच ती खांबाला अशी धडक मारायची की वरचे पत्रे हलायचे. बाहेर कोरडा वारा सुटला होता. धूळ गोठ्यात शिरत होती आणि म्हशीच्या ओल्या तोंडावर चिकटत होती.

घरात आता ही दोनच माणसं. गवळ्याची बायको गेल्या हिवाळ्यात गेली. लेकीच्या आजारपणात सेवेला म्हणून आलेली सासू परत गेलीच नाही, आणि त्यानंही कधी जा म्हटलं नाही. दोघं दिवसभर भांडायची. मिठावरून, दोरीवरून, झाडू कुठं ठेवला यावरून. फक्त एका माणसाचा विषय दोघं काढत नसत.

ही म्हैस त्या माणसानं रेडकू असल्यापासून वाढवलेली होती. दुपारी ती आडवी झाली ती पुन्हा उठली नाही.

गुरांचा डॉक्टर आला आणि दारातच उभा राहिला.

"महिन्या-दीड महिन्यात कुत्रं वगैरे चावलं होतं का?"

गवळ्याला आठवलं. एक मोकाट कुत्रं गोठ्यात घुसलं होतं, त्याचा जबडा लोंबत होता. म्हशीच्या नाकपुडीला जरासं लागलं होतं. दोन दिवसांत खपली धरली, तो विसरून गेला.

"हिच्या तोंडात कुणी हात घातला नाही ना?"

सासू छपराकडं बघायला लागली.

"आई, हात दाखवा," गवळी म्हणाला.

डॉक्टरानं बोटं बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "म्हैस पिसाळलेली होती. जनावर गुदमरतंय असं वाटतं, कारण त्याला गिळता येत नाही. माणसं हमखास घशात हात घालतात. आधी साबण लावून हात धुवा, चांगला पाव तास, वाहत्या पाण्याखाली. मग तडक दवाखान्यात. मी मेंदूचा तुकडा तपासायला शहरात पाठवतो, पण निकालाची वाट बघू नका."

सासूनं हात धुतला, तोपर्यंत बातमी गावभर झाली होती. गवळ्याचं दूध अख्ख्या गावात जायचं आणि गावाला त्याचं कौतुक होतं. ते कौतुक खरं तर बायकोचं होतं. बादल्या धुऊन ती उन्हात उपड्या घालायची आणि वाळल्याशिवाय त्यांत धार पडू द्यायची नाही. धुतल्याचं थेंबभर पाणी आत राहिलं तरी ती त्याला भेसळ म्हणायची. ती गेल्यावरही बादल्या तशाच उन्हात उपड्या पडत. गवळ्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. गावचा पुढारी सगळ्यांत पुढं खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या मागं शाळेचे हेडमास्तर, त्यांच्या मागं किराणा दुकानदारीण, आणि मग रांग पार रस्त्यापर्यंत.

"ज्यांनी दूध प्यायलं त्यांना सुई मिळाली पाहिजे," पुढारी म्हणाला. "मला सकाळपासून पाण्याकडं बघवत नाही."

"तुम्हाला ते कधी बघवत होतं?" मागून कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

"हसू नका," दुकानदारीण रडवेली झाली होती. "आमचे हे आज सकाळी माझ्यावर भुंकले."

"ते रोजच भुंकतात, वहिनी. आज तुम्ही लक्ष दिलंत."

डॉक्टरीणबाई दारात आल्या. वयानं लहान, घसा बसलेला, बहुधा तासभर हेच सांगत असाव्यात. "पुन्हा सांगते. हा विषाणू लाळेत असतो. जखमेतून आत शिरतो आणि नसेला धरून मेंदूकडं सरकतो. त्याच्या आधी लशीनं तिथं पोचायला हवं. तो मेंदूत पोचला की आमच्या हातात काही राहत नाही. तुम्ही दूध उकळून प्यायलात. उकळल्यावर तो मरतो. तुमच्यापैकी कुणालाच सुईची गरज नाही."

मास्तरांनी हात वर केला. "हा विषाणू डोळ्यांना दिसतो का?"

"नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही."

"मग तो मेला हे तुम्ही कशावरून सांगता?"

रांगेत "वा, मास्तर!" झालं. मास्तरांनी मान अशी तुकवली, जणू विषाणूलाच वर्गाबाहेर उभं केलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना सासूचा हात दिसला. त्यांनी तो उजेडात धरला. "या बाईंना आधी. बोटांत नसांचं जाळं असतं, इथं उशीर चालत नाही. कंपाउंडर, फ्रिज उघडा."

कंपाउंडर फ्रिजला पाठ लावून उभा होता. तो पुढाऱ्याचा भाचा, आणि किल्ली त्याच्या खिशात होती. त्यानं मामाकडं बघितलं.

"आत किती जणांपुरती आहे?" पुढाऱ्यानं विचारलं.

"चार-पाच. बाकीची परवा येईल."

"मग रांगेनं घ्या. आम्ही केव्हाचे बसलोय. म्हातारीला परवा द्या. तिचं वय झालंय, तिला कसली घाई?"

"मी वर तक्रार करेन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"करा की. वर कोण बसलंय ते मला विचारा, नंबर देतो."

सासूनं गवळ्याची बाही ओढली. "चला घरी. या लोकांपुढं हात पसरण्यापेक्षा भुंकत मरेन."

गवळ्यानं तिच्या हाताकडं बघितलं. लेकीच्या आजारपणात याच हातानं रात्रंदिवस चमच्यानं पाणी पाजलं होतं. एक माणूस त्यानं याच दवाखान्याच्या बाकावर बसून जाताना बघितलं होतं. तेव्हा डॉक्टरांकडं औषध नव्हतं. आज औषध होतं आणि एका भाच्याची पाठ त्याच्या आड होती.

तो ओसरीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला सुई लागत नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "तुमच्या घरी म्हशीचं दूध आलंच नाही."

"म्हणजे?"

"पावडर घालत होतो. पाण्यात कालवून. म्हशीचं दूध सगळं शहरातल्या डेअरीला जातं, तिथं भाव बरा मिळतो."

आपल्याला पटवावं लागेल, शपथा घ्याव्या लागतील, अशी त्यानं तयारी केली होती. त्यातलं काहीच लागलं नाही. डॉक्टरीणबाईंचं खरं तासभर कुणाच्या गळी उतरलं नव्हतं. त्याचं खोटं एका घोटात खाली गेलं.

"मला वाटलंच!" मास्तर उठले. "मी घरी म्हणत होतो, ही साय बनावट आहे."

"माझ्या पोटाला तर तेव्हाच कळलं होतं," दुकानदारीण डोळे पुसत म्हणाली.

पुढाऱ्याचा आधी जीव भांड्यात पडला आणि मग तळपायाची आग मस्तकाला गेली. खुर्ची लाथाडून त्यानं गवळ्याची कॉलर धरली. "गावाला फसवतोस? वरून जास्त भाव लावून?"

"याची बायको होती तेव्हापासूनच चाललं असणार," मागून कुणीतरी म्हणालं. "तीच आतून कारभारीण होती."

इतका वेळ गवळ्यानं मान खाली घातली होती. आता त्यानं ती वर केली.

"नाही," तो म्हणाला. "ती होती तोवर एक थेंब नाही. ती गेल्यावर सुरू केलं. मी एकट्यानं."

दोन थपडा बसल्या, एक शर्ट फाटला, आणि रांग त्याला शिव्या देत रस्त्याला लागली. भाच्याला आता कुणाकडं बघावं ते कळेना, तेव्हा त्यानं किल्ली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

आत बाई सासूच्या बोटांत, थेट जखमेत, विषाणूला जागीच अडवणारं सीरम टोचत होत्या. मग दंडात लस दिली. सासू सुईला हूं की चूं करत नव्हती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझ्या लेकीनं धुतलेल्या बादल्यांत पावडर कालवलीत, होय हो?"

"नुसती तोंडानं कालवली, आई."

"तिचं नाव होतं त्या दुधाला."

"ती असती तर माझ्या आधी तिनंच ओरडून सांगितलं असतं. आणि माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलली असती."

सासूनं डाव्या हातानं त्याच्या फाटक्या शर्टाची बाही वर ओढली. "घरी गेल्यावर टाका घालते," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई सिरिंजकडं बघत राहिल्या आणि त्यांनी काहीच ऐकलं नाही.

शहरातून निकाल आला. म्हैस पिसाळलेलीच होती. सासूच्या उरलेल्या सुया ठरल्या तारखांना झाल्या. ती खडखडीत राहिली आणि झाडूवरून भांडू लागली. राहिलेल्या दोन म्हशींना गुरांच्या डॉक्टरानं लस टोचली. त्यांचं दूध आता खरोखरच शहरातल्या डेअरीला जाऊ लागलं, कारण गावात ते कुणी दारात उभं करेना. गाव ओढ्यापलीकडच्या गवळ्याकडं वळलं. त्याचे कॅन ओढ्यावर धुतले जायचे आणि तिथंच अर्धे भरायचे. पण तो शपथ फार छान घ्यायचा.

एका संध्याकाळी पुढारी मागच्या दारानं आला. एकटाच. गवळी धार काढत होता, सासू वैरण टाकत होती.

"झालं ते झालं," पुढारी हळूच म्हणाला. "एक विचारायचं होतं. त्या पलीकडच्याच्या दुधाचा चहा घशाखाली उतरत नाही. तुझी ती पावडर कुठली होती रे? चव होती तिला."

गवळ्याची धार थांबली. सासू पाठमोरीच म्हणाली, "ती आता मिळायची नाही."

"का? कारखाना बंद पडला?"

"गेल्या हिवाळ्यात."

"अरेरे," पुढारी मनापासून हळहळला. "माल चांगला होता."

"होता," गवळी म्हणाला. त्यानं दूध कॅनमध्ये ओतलं, बादली धुतली, आणि ऊन उतरलं होतं तरी ती अंगणात उपडी घातली.