मी सव्वादोन लिटरची

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. रोशनीनं माझ्या स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून मला बजावलं होतं, "पप्पांना कळता कामा नये, ओके?" गाडीला कुणी असं बजावतं का? पण ती माणसांशी कमी बोलते आणि माझ्याशी जास्त, म्हणून मी कबूल केलं. आज मात्र मला राहवत नाही. दुपारी नकुल नावाचा कुणी तरुण मला बघायला येणार आहे. पसंत पडले तर तो मला घेऊन जाईल.

मी एक निळी, दोन दारांची गाडी बोलतेय. वयानं रोशनीपेक्षा थोडी मोठी. अमेरिकेत, अल्फारेटा गावातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये राहते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझं इंजिन दोन लिटरचं होतं. म्हणजे टाकीत मावणारं पेट्रोल नव्हे. माझ्या पोटात चार सिलिंडर आहेत. त्यांतले पिस्टन खाली येताना मिळून जेवढी हवा ओढतात, तो माझा श्वास. पहिल्या मालकानं मला हौसेनं पळवलं. दुसऱ्यानं घरामागे ताडपत्री घालून उभं केलं आणि विसरून गेला. ताडपत्रीखाली आवाज सगळे ऐकू येतात, दिसत काहीच नाही. बाजूच्या रस्त्यावरून एखादी गाडी गिअर बदलत गेली की माझा जीव वरखाली व्हायचा.

तिथून मला ईश्वरनं आणलं. ईश्वर म्हणजे रोशनीचे पप्पा. नागपूरचा माणूस, इथे एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कॉलेजात तो कायम मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसायचा, पुढे बसायची पाळी त्याची कधी आलीच नाही. मला घरी आणलं त्या दिवशी तो गॅरेजमध्ये स्टूल टाकून नुसता बघत बसला होता.

माझी ताकद वाढवायची हे त्याच्या मनात पहिल्यापासून होतं. त्याचा मित्र राकेश एकदा चहा घेत माझ्या बॉनेटवर वाकला.

"टर्बो लाव ना यार. दोन वीकेंडचं काम."

"नको. टर्बो म्हणजे बाहेरून हवा कोंबायची. हिला स्वतःची स्वतः ओढू दे. आपण छाती रुंद करू."

"छाती रुंद करायला ही काय पोलीस भरतीला चाललीय?"

राकेश हसला, रोशनी हसली, ईश्वर मात्र कागदावर सिलिंडर काढत राहिला.

मग माझं इंजिन बाहेर काढलं गेलं. एका मशीन शॉपमध्ये माझे सिलिंडर आतून कोरून थोडे रुंद केले. पिस्टनला जास्त खाली जाता यावं म्हणून लांब फेऱ्याचा नवा क्रँक, म्हणजे पिस्टनला खालीवर हलवणारा दांडा, बसवला. रुंदी वाढली, खोली वाढली, आणि दोनाची मी सव्वादोन लिटरची झाले. बाकी जोडणी घरीच झाली. रोशनी टॉर्च धरायची. एकदा पिस्टनची एक क्लिप नीट बसली नव्हती. तिनं फक्त तिथे बोट ठेवलं. ईश्वरनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि क्लिप काढून पुन्हा बसवली.

रोशनीची आई कांता अधूनमधून दारात येऊन उभी राहायची. "माझी गाडी बाहेर झाडांच्या पोलननं पिवळी होऊन चाललीय, आणि ही म्हातारी आत सावलीत."

"होईल गं आता."

"मागच्या वसंतातही होतच होती."

शेवटी मी सुरू झाले. तो आवाज ऐकून कांतासुद्धा आतून लाटणं हातात घेऊन आली आणि दारात उभी राहिली.

खरी गंमत पुढे झाली. नवीन कोरलेल्या सिलिंडरच्या भिंतींवर मुद्दाम बारीक ओरखडे ठेवतात. पिस्टनवरच्या रिंगा त्या ओरखड्यांवर घासून नीट बसायला हव्यात, आणि त्यासाठी सुरुवातीलाच इंजिनावर जोर पडावा लागतो. लाडानं चालवलं तर भिंती गुळगुळीत होतात, रिंगा सैलच राहतात आणि इंजिन तेल पिऊ लागतं. मशीन शॉपच्या माणसानं फोनवर हे सांगितलं होतं. फोन स्पीकरवर होता, रोशनीनं ऐकलं. ईश्वरनंही ऐकलं.

"हे लोक असंच सांगतात," फोन ठेवल्यावर तो म्हणाला. "नवी वस्तू आहे. आपण जपून वापरायची."

या घरात फ्रिजच्या हँडलवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. बैठकीतल्या सोफ्यावर चादर, चादरीवर दुसरी चादर. दूरदेशी येऊन एकेक गोष्ट जमवलेल्या माणसांची ती सवय आहे, मी तिला हसत नाही. पण ईश्वरनं मला हायवेच्या उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनमध्ये घेतलं, वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल लावला आणि पाय काढून घेतला. दर शनिवारी तेच. ट्रक हॉर्न देत पुढे जायचे.

"गाडी चालवतोयस की पेशंटला दवाखान्यातून घरी आणतोयस?" राकेश म्हणाला.

मला तर सोसवत नव्हतं. आत जागा वाढलेली आणि ती वापरायची परवानगी नाही. सिग्नलला उभी असताना मी थरथरायची, ईश्वरला वाटायचं इंजिन धरून ठेवणारे माउंट सैल आहेत, म्हणून घरी येऊन तो बोल्ट आवळायचा.

मग धूर येऊ लागला. निळसर, जळक्या तेलाचा. ईश्वरचा चेहरा उतरला. तो मला आणखी हळू चालवू लागला, धूर आणखी वाढला. एका संध्याकाळी तो कांताला म्हणाला, "माझ्याकडूनच काहीतरी चुकलं. मला नाही जमलं हे."

"मग विकून टाका. तुमचं असं तोंड बघवत नाही," कांता म्हणाली. रागानं नाही.

जेवताना रोशनी हळूच म्हणाली होती, "पप्पा, इट नीड्स लोड." स्वयंपाकघराचं गॅरेजकडचं दार उघडंच होतं, मी ऐकलं.

"काय म्हणालीस?"

"नथिंग."

मागच्या रविवारी आईपप्पा राकेशकाकांकडे बुद्धवंदनेला गेले. रोशनी अभ्यासाचं निमित्त करून घरी राहिली. ती आली, सीट पुढे ओढली आणि मला उत्तरेच्या डोंगराळ रस्त्यावर घेऊन गेली. स्पीड लिमिट तिनं मोडली नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर द्यायची, मग पाय काढून मला माझ्याच ओढीनं मंदावू द्यायची, पुन्हा जोर. पहिल्यांदा मागे एवढा ढग उठला की तिनं आरशात बघून डोळे मिटायचेच बाकी ठेवले. पण ती थांबली नाही. नंतरच्या चढांवर ढग पातळ झाला. मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. घरी आलो तेव्हा मागे काहीच नव्हतं. रोशनी एकटीच हसत होती.

तेव्हाच तिनं मला बजावलं. न विचारता गाडी नेली म्हणून नव्हे. ओरडा खायला ती तयार आहे. पण खरं सांगायचं तर पप्पांच्या जपण्यानंच बिघडलं होतं, हेही सांगावं लागेल. ते शब्द तिच्या तोंडून निघत नाहीत. रोज रात्रीच्या जेवणाला ती तोंड उघडते आणि पोळी मागते.

आता ईश्वर मला पुसतोय. त्या रविवारपासून त्यानं मला सुरूच केलेलं नाही. नकुलला तो आधीच सांगणार आहे की गाडी धूर सोडते. तेवढा तो सरळ आहे. फडकं त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरतंय.

रोशनी बाहेर आलीय. हातात माझी किल्ली आहे.

"पप्पा, तुम्ही त्या बाजूला बसा."

"कुठल्या?"

"पॅसेंजर सीटवर."

"अगं, तो नकुल येईल आता."

"थांबेल तो. मी रविवारी हिला घेऊन गेले होते."

ईश्वरच्या हातातलं फडकं थांबलं. "कुठे?"

"दाखवते. आणि पप्पा, तुम्ही हिला फार जपलंत. तेच चुकलं."

त्यानं एकदा माझ्या बॉनेटकडे पाहिलं. मग दार उघडून बसला, ओलं फडकं मांडीवरच. किल्ली फिरली. तो मागे वळून काचेतून धूर शोधतोय, अजून शोधतोय. रोशनीचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आलाच, आता मला बोलायला उसंत मिळायची नाही. तेवढ्यात तो नकुल आलाच, तर त्याला तुम्ही एवढं सांगा की मी…