स्लॅगचा ओव्हन

आम्रपालीने मायक्रोस्कोपखालचा पोलादाचा तुकडा तिसऱ्यांदा पुसला. ठिपके होते तिथेच! बारीक, काळे, मेले हटायला तयार नाहीत. दुसऱ्यांदा वितळवून शुद्ध केलेल्या पोलादात ही घाण आलीच कुठून?

आर्गॉनची नोंद तिने आधीच पाहिली होती. वितळत्या पोलादावर त्या वायूचं पांघरूण शेवटपर्यंत होतं, म्हणजे हवेचा दोष नाही. उरली स्लॅगची पूड. पोलादातली घाण तीच शोषते, पण तिने ओलावा धरला की सगळंच बिघडतं. म्हणून ती कायम गरम ओव्हनमध्ये ठेवायची. आणि ओव्हनची किल्ली एकट्या चैतरामकडे! भरवेलीहून येणारा हा म्हातारा, निवृत्तीला सात महिने उरलेले. झाला असेल कामचुकार, ठेवत असेल ओव्हन बंद, दुसरं काय! अहवाल संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि त्यात ज्याचं नाव येईल तो घरी बसणार, हे साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. तिने चैतरामचं नाव लिहूनही टाकलं.

तरी रंगेहाथ धरावा म्हणून ती दुपारी भट्टीकडे गेली आणि खांबाआड उभी राहिली. चैतरामने इकडेतिकडे पाहिलं, ओव्हन उघडला. भप्पकन वाफ बाहेर आली. कोरड्या पुडीतून वाफ?

"आत काय ठेवलं हाय, चैतरामभाऊ?"

तो दचकला. हातातल्या फडक्यात स्टीलचा डबा होता. आम्रपालीचाच. सैल झाकणाखाली भात वाफाळत होता.

"ओव्हनमंदी डबा? काहून?"

"तुमीच तं म्हनल्या होत्या मॅडम, थंडा भात गळ्याखाली उतरत नाही. कॅन्टीनचा चुल्हा बंद पडला, तवापासून हितंच ठेवून राह्यलो." तो ओशाळून हसला. "सायबाले सांगू नका."

डब्याची ही वाफच पुडीत मुरत होती, हे आम्रपालीच्या ध्यानात आलं. पंधरा दिवस ती चवीने गरम भात खात होती, आणि तो गरम होतो कुठे, हे बयेने एकदाही विचारलं नव्हतं!

"काही चुकलं काय, मॅडम?"

"नाही. आना इकडं."

तिच्या टेबलावर, अहवालाशेजारी, डबा तसाच निवत राहिला. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"नाम लिखा?"

तिने चैतरामच्या नावावर आडवी रेघ मारली.

"लिख रही हूँ, सर," ती म्हणाली, आणि स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.