झरोक्यातली लोकर

व्हॉस गावाच्या वरच्या अंगाला आर्नफिन आणि बोर्ग्नी या नवराबायकोच्या मेंढ्या होत्या. गेल्या नाताळात शेजारचा हालवर त्यांच्याकडे आला, घरच्या बिअरचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "आर्नफिन, ही बिअर आहे की पिंप विसळलेलं पाणी?" सगळे हसले. आर्नफिनही हसला, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नव्हतं. बोर्ग्नीला ते कळलं.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. जव तेवढेच घ्यायचे, गोडवा मात्र जास्त काढायचा.

"निम्मी साखर चोथ्यात राहते आणि मेंढ्यांच्या पोटात जाते," तो म्हणायचा.

"कुणाच्या तरी पोटी लागते ना," बोर्ग्नी म्हणायची.

थंडीच्या तोंडावर त्याने चक्कीचे रूळ जवळ आणले. मोड आणून वाळवलेले जव इतके बारीक दळले गेले, की पिंपात नुसती खीर झाली आणि खालच्या तोटीतून थेंब उतरेना. ते सगळं मेंढ्यांना घालावं लागलं. पुढच्या खेपेला त्याने दळण्याआधी जवावर पाण्याचा हबका मारला, म्हणजे टरफलं अख्खी राहतात. पिंपाच्या बुडाशी गाळणीसारखा जुनिपर झुडपाच्या फांद्यांचा जाड थर दिला, ऊब टिकावी म्हणून पिंपाला मेंढीची कातडी गुंडाळली आणि गरम पाणी घाई न करता पळीपळीने सोडलं. रस उतरला तो बोटांना चिकटणारा. एक पिंप भरलं, तरी चोथ्यातून गोड पाणी येतच होतं. त्याने दुसरंही भरलं.

घरच्या यीस्टला रस आंबवायला ऊब लागते. दोन्ही पिंपं तळघरात नेऊन त्याने हीटर लावला आणि जमिनीलगतच्या झरोक्यात लोकर ठासून बसवली.

"तुझे वडील झरोका कधी बंद करत नसत," बोर्ग्नी म्हणाली.

"बाबांची बिअर पातळच व्हायची. ऊब गेली की यीस्ट अर्ध्यावर झोपतं. मग एवढा गोडवा काढून काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी फसफस वरपर्यंत ऐकू येऊ लागली. जमिनीखाली कुणीतरी मोठं जनावर श्वास घेतंय, असं बोर्ग्नीला वाटलं. तळघरात झोपणारं मांजर जिन्याच्या तोंडाशी आलं, खाली बघत राहिलं आणि मागे फिरलं. ती बटाटे आणायला उतरली. कोपऱ्यात दिवा नव्हता, म्हणून वाकून काडी ओढली, ती विझली. दुसरीही विझली. वर आली तेव्हा तिचं डोकं जड झालं होतं.

"काड्यांना ओल लागली असेल," आर्नफिन म्हणाला आणि चव बघायला पळी घेऊन खाली गेला.

पळी फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग नुसती फसफस.

"आर्नफिन?"

ती जिन्यात धावली. तो पिंपाशी कुशीवर पडला होता, तोंड उघडं. ती आणखी खाली उतरली, तशी नाकात झिणझिण झाली, छाती भात्यासारखी उडू लागली. आणखी खाली गेले तर इथे दोघं पडून राहू, हे तिला लख्ख कळलं. ती वळली. नवऱ्याकडे पाठ करून तो जिना चढताना तिला स्वतःची भीती वाटली.

बाहेर झरोक्यातली लोकर थंडीने दगडासारखी झाली होती. गवत उचलायच्या दाताळ्याने तिने ती उपसून काढली, तळघराचं बाहेरचं दार उघडं टाकलं आणि हालवरला हाक मारली. तो ट्रॅक्टरने रस्त्यावरचं बर्फ ओढत होता. तो धावत आला आणि थेट आत शिरू लागला. तिने त्याचं जाकीट धरलं.

"थांब. आतली हवा मेलीये."

"अगं, तो पडलाय तिथे."

"बिअरच्या वायूनेच पडलाय. दोर बांध. श्वास इथे भरून घे, आत घेऊ नकोस."

कमरेला दोर बांधून हालवर गेला आणि आर्नफिनला काखेत धरून ओढत बाहेर आला. आर्नफिनचे ओठ निळे पडले होते. बोर्ग्नी बर्फात गुडघे टेकून त्याच्या तोंडात श्वास भरत राहिली, हालवरने बोलावलेली ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

तो जगला. इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा बराच वेळ शब्द शोधत होता.

"बिअर?" त्याने विचारलं.

"हालवरने बर्फात ओतून दिली. मीच सांगितलं."

त्याने डोळे मिटले. "सगळा गोडवा निघाला होता गं," तो हळूहळू म्हणाला.

नर्सने सूप आणून ठेवलं. त्याने चमचा उचलायला उजवा हात पुढे केला, पण बोटं मिटेनात. ती खुर्ची जवळ ओढून त्याला भरवू लागली.