नेलिदाच्या टेबलावरचा भोपळा

मित्रांनो, माझं पोट पोकळ आहे, काठाला चांदीचं कडं आहे आणि वय एकोणीस वर्षं. माते नावाचं पेय पिण्याचा एक जुना भोपळा, ही माझी ओळख. उरुग्वे देशाच्या उत्तर भागात एका वेलीवर वाढलो, वाळलो, कोरला गेलो. माझ्यात कडू हिरवा पाला भरतात, गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने घोट घोट पितात.

राजधानी मोन्तेविदेओत नेलिदाने मला विकत घेतलं तेव्हा ती साधी प्रोग्रामर होती. आज ती बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची तंत्रप्रमुख आहे. तिच्या टेबलावर बसून मला कायम एक नवल वाटत आलं: ही माणसं दिवसभर बनवतात तरी काय? ते हातात धरता येत नाही, त्याला वासही नाही. तरी ते बिघडलं की नेलिदाला घास गिळवत नाही.

रोज सकाळी बैठकीत मी हातोहात फिरायचो. पहिला, सगळ्यात कडू पेला नेलिदाचा. मग एकेकासाठी मला पुन्हा भरायचं. ज्याच्या हातात मी, त्याने बोलायचं. त्याचं पिऊन होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालायचं नाही.

"या भोपळ्याला पगार सुरू करा," विक्रीप्रमुख ओरासियो म्हणायचा. मी आणखी फुगायचो.

मग गावोगावच्या सहकारी बँकांत नवी प्रणाली सुरू करायची ठरली आणि घाई झाली. बैठक उभ्या उभ्या, पाच मिनिटांत. नेलिदा विचारायची, "सगळं ठीक?" माना हलायच्या. मी ओल्या पाल्यासकट कपाटावर पडून. तीन आठवड्यांत पोटात बुरशी चढली.

सोमवारी प्रणाली सुरू व्हायची, म्हणून शुक्रवारी नेलिदाची मंजुरीची सही हवी होती. तिने सवयीने मला खाली घेतलं आणि आत डोकावली.

"शी. कधीपासून पडलाय हा असा?"

"तुला वेळ नाही तेव्हापासून," ओरासियो म्हणाला. "सही कर बाई, ग्राहक ताटकळलाय."

तिने पाला टाकला, मला धुतलं. पिण्याजोगा मी नव्हतोच. तरी तिने मला रिकामंच शेजारच्या हातात दिलं. "बोला एकेक जण."

फिरत फिरत मी विल्मारकडे आलो. हा चाचणी करणारा, ताकुआरेम्बो गावचा, अबोल.

"माझ्या चुलतभावाचं नावही विल्मार सिल्वेइरा," तो म्हणाला. "आमच्याकडे आईचं आडनाव शेवटी लावतात, तेवढाच आमच्यात फरक. नवी प्रणाली लांब नावाचं शेपूट कापते. गावच्या बँकेतल्या जुन्या नोंदींत ओळखपत्राचा क्रमांक नाही. चाचणीत तिथे आम्ही दोघं एकच माणूस झालोय. त्याचं पेन्शन माझ्या खात्यात."

"मग काय, चैन आहे तुझी," ओरासियो म्हणाला.

"आधी का नाही बोललास?" नेलिदाने विचारलं.

"तू 'सगळं ठीक?' विचारत होतीस. त्यावर माणूस 'हो'च म्हणतो."

नेलिदाने सही केली नाही. ग्राहकाला स्वतः फोन लावला. "दोन आठवडे उशीर होईल. चूक माझी आहे." पलीकडचं ओरडणं मलाही ऐकू आलं. फोन ठेवून तिने मला चमच्याने खरवडलं आणि खिडकीत उन्हाला ठेवलं.

मित्रांनो, वापरून झालं की आम्हाला रिकामं करा, कोरडं करा, एवढीच विनवणी. ओल्या भोपळ्याची बुरशी आत डोकावलं की दिसते. गप्प बसलेल्या माणसाच्या आतलं मात्र तसं दिसत नाही. त्याला विचारा, आणि विचारल्यावर जरा थांबा.