डिनरला येतो

सेल्विन ऑडीने अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात जे काही लिहिले होते, ते सगळे एका पोस्टकार्डावर मावले असते आणि वर तिकिटालाही जागा उरली असती. एकतीस वर्षे तो देशाच्या उत्तरेकडच्या स्केलब्रुक गावातल्या बिस्किट कारखान्यात पीठ मळण्याच्या यंत्रावर होता. तिथे लिहिण्याचा प्रसंग येत नसे. गेल्या वर्षी कारखाना बंद झाला, सेल्विनने भत्त्यासाठी अर्ज केला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की हा भत्ता काम नाही म्हणून मिळत नाही. काम शोधत असल्याचे रोज लिहून दाखवावे लागते, तेव्हा मिळतो.

हे लिहिणे संगणकावरच्या नोंदवहीत करायचे असते. अर्जदाराने कुठे काम विचारले, कोण काय म्हणाले, कोणत्या भेटीला येणे जमणार नाही, हे सारे तिच्यात लिहायचे. रोजगार कार्यालयातल्या मार्गदर्शकाने ते वाचायचे आणि उत्तरही तिच्यातच द्यायचे. जे नोंदवहीत नाही ते घडलेलेच नाही, असे कार्यालय धरून चालते. ज्यांना ही वही भरणे जड जाते त्यांच्या मदतीसाठी मी मंगळवारी आणि शुक्रवारी सार्वजनिक वाचनालयात बसतो. चाळीस वर्षे मी इथल्या साप्ताहिकाची मुद्रिते तपासली. दुसऱ्याच्या वाक्यात काय राहून गेले आहे, हे मला चटकन दिसते. सेल्विनच्या वाक्यांत जवळजवळ सर्वच राहून गेलेले असे.

सोमवार : "गेलो. नाही म्हणाले."

बुधवार : "विचारलं. बघू म्हणाले."

गुरुवार : "परत गेलो."

"हे काय लिहिलंयस?" मी त्याला एकदा विचारले.

"गेलो ते."

"अरे पण कुठे गेलास? किती वाजता? भेटलास कोणाला?"

"केरी-ॲनला माहितीये सगळं. तिची आत्या आमच्या पॅकिंगला होती."

"आणि उद्या केरी-ॲन नसली तर?"

"नसली म्हणजे? जाईल कुठे ती?"

केरी-ॲन, म्हणजे त्याची मार्गदर्शक, जूनमध्ये तीन आठवड्यांच्या रजेवर टेनेरिफ बेटावर गेली.

ती जाण्याच्या आदल्या दिवशी, एका बुधवारी, सकाळी दहाला सेल्विनची तिच्याकडे भेट ठरलेली होती. मंगळवारी दुपारी रुग्णालयाचा फोन आला. त्याच्या बहिणीच्या, मॉरीनच्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यातून उचलून उद्या सकाळवर आणली होती. मॉरीन त्याच्याच घरी राहते आणि तिला नेणारे दुसरे कोणी नाही. सेल्विन त्या दिवशी माझ्याकडे आला नाही. मोबाइलवर, एका बोटाने, त्याने स्वतःच नोंद केली : "उद्या दहाला जमत नाही. बहिणीचा डोळा. डिनरला येतो."

बुधवारी मॉरीनला रुग्णालयात सोडून बारा वाजून पाच मिनिटांनी तो कार्यालयाच्या दारात हजर झाला. दारावरच्या रखवालदाराने सांगितले, केरी-ॲन डिनरला बसली आहे. सेल्विन बरं म्हणाला आणि बाहेर भिंतीशी उभा राहिला. पाऊण वाजता त्याला मॉरीनला आणायला निघावे लागले. आपण येऊन गेलो ही गोष्ट त्याने नोंदवहीत लिहिली नाही, कारण रखवालदाराने त्याला पाहिले होते.

पुढच्या मंगळवारी तो टोपी हातात धरून माझ्या टेबलापाशी आला. आदल्या दिवशी नोंदवहीत एक पत्र उमटले होते, चुकलेल्या भेटींचा निकाल देणाऱ्या, देशाच्या दक्षिणेतल्या निर्णय विभागाकडून. मी ते त्याला वाचून दाखवले.

"अर्जदाराने दहाच्या भेटीस न येण्याचे दिलेले कारण सबळ आहे. तथापि पर्यायी वेळ म्हणून त्याने 'डिनर' सुचवले. कार्यालय सायंकाळी पाच वाजता बंद होते. जी वेळ पाळणे अशक्य आहे ती हेतुतः सुचवणे, हा भेट टाळण्याचा प्रकार होय. सबब दंड."

"म्हणजे?" सेल्विन म्हणाला.

"त्यांना वाटलं, तू रात्री येतो म्हणालास."

"रात्री डिनर कोण जेवतं?"

"दक्षिणेत जेवतात."

"मग दुपारी काय करतात?"

"दुपारी लंच."

"रोज?"

"रोज."

"आणि पाच वाजता? चहाला काय जेवतात?"

"चहाला ते चहा पितात."

"नुसता?" सेल्विन म्हणाला, आणि ज्या लोकांच्या हाती आपला भत्ता आहे त्यांच्याबद्दल त्याला प्रथमच काळजी वाटलेली दिसली.

गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. पुढच्या सोमवारी जमा होणाऱ्या भत्त्यातून एकशे साठ पौंड कापले जाणार होते. त्याच्या घरातला विजेचा मीटर आधी पैसे भरल्याशिवाय चालत नाही, आणि मीटरवर सोमवारपर्यंत पुरेल एवढीच शिल्लक होती. शस्त्रक्रियेनंतर मॉरीनला दिलेले डोळ्यांचे थेंब महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचे होते. हे सेल्विनने मला सांगितले ते असे : "फ्रिज चालू राहिला तर बरं."

फेरविचाराचा अर्ज त्याच दिवशी जाणे भाग होते. त्यासाठी पुरावा हवा. रखवालदार खासगी कंपनीचा होता आणि कोण येऊन परत गेले याची टिपणे तो ठेवत नव्हता. केरी-ॲन समुद्रकिनारी होती. मॉरीन त्या वेळी रुग्णालयात डोळा झाकून पडली होती.

"तू उभा होतास ते लिहिलं असतंस तर आज ही वेळ आली नसती," मी म्हणालो. "बारा पाच, दार, रखवालदाराचं नाव. तीन गोष्टी. एवढ्या लिहायच्या, पडद्याचा फोटो काढायचा आणि मग भिंतीला टेकायचं."

"फुशारकी वाटते रे ती. मी अमक्या वेळी आलो, मी तमक्या वेळी उभा होतो. कोणी विचारलंय?"

"त्यांनी विचारलंय. अकरा महिने तेच विचारतायत."

मग मी त्याची नोंदवही शेवटापासून मागे वाचत निघालो. गेलो. नाही म्हणाले. परत गेलो. असे वाचत वाचत मी मार्चपर्यंत पोहोचलो आणि तिथे एक नोंद सापडली, केरी-ॲनच्या हातची : "सेल्विन, गुरुवारी डिनर झालं की लगेच ये, एक वाजता." तिच्यापुढे त्या गुरुवारची हिरवी खूण होती : उपस्थित.

मी ती त्याला दाखवली. त्यात दाखवण्यासारखे काय आहे ते त्याला कळेना. "एक वाजताच गेलो होतो की," तो म्हणाला.

अर्ज मी लिहिला. तो चार परिच्छेदांचा होता आणि त्यात एकही शब्द जादा नव्हता, असे माझे मत आहे. निर्णय अधिकारी शुक्रवारी साडेअकराला फोनवर सुनावणी घेतील, असे उत्तर आले.

शुक्रवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत फोन टेबलावर ठेवून, आवाज दोघांना ऐकू येईल अशा बेताने, आम्ही बसलो. फोन वेळेवर आला. अधिकाऱ्याचे नाव इमोजेन होते. आवाजावरून तिशीची असावी.

"मिस्टर ऑडी, तुमच्यासोबत कोणी आहे का?"

"लायोनेल आहे. मुद्रितं तपासायचा."

"बरं. मी मार्चची नोंद वाचली. मला एकच समजून घ्यायचंय. तुमच्याकडे डिनर म्हणजे दुपारचं जेवण?"

"सगळ्यांकडेच, पोरी."

"आणि संध्याकाळच्या जेवणाला काय म्हणता?"

"चहा."

"मग नुसता चहा प्यायला बसलात तर?"

"चहा."

"मग कळतं कसं कोणता ते?"

"ताटात बघायचं."

"ठीक आहे. तुम्ही बारा पाचला पोहोचलात, असं अर्जात आहे. मार्गदर्शक आतच होत्या. तुम्ही भेटायचा आग्रह का नाही धरला?"

"ती जेवत होती."

"हो, पण तुमची भेट—"

"जेवत होती ना ती," सेल्विन म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. ऐकणाऱ्याला ऐकू कमी येते अशा समजुतीने तो सावकाश बोलत होता. "जेवणाऱ्या माणसाला उठवायचं? डिनरचा भोंगा झाला की आमचा मालकसुद्धा खाली यंत्रांकडे उतरत नसे. मी बाहेर थांबलो चाळीस मिनिटं. मग मॉरीनला आणायला गेलो."

टंकलेखनाचा आवाज आला. मग इमोजेन म्हणाली, "मिस्टर ऑडी, माझा तुमच्यावर विश्वास आहे. दंड काढायला हरकत नाही. फक्त यादीतलं एक कारण निवडावं लागतं, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. पहिलं कारण, कार्यालयाची चूक. त्यात चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव द्यावं लागेल."

"कोणाचं?"

"केरी-ॲनचं जाईल. तुम्ही येणार हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी आम्हाला कळवलं नाही."

"ती जेवत होती म्हटलं ना. तिचं नाव नको."

"मग दुसरं. अर्जदाराचा संदेश संदिग्ध होता, आणि हे अर्जदारास मान्य आहे. मी हेच सुचवीन. तुम्ही हो म्हणा, मी खूण करते, सोमवारी पूर्ण भत्ता."

मी सुटकेचा श्वास सोडला. सेल्विनने टोपी टेबलावर ठेवली.

"मिस्टर ऑडी?"

"संदिग्ध म्हणजे दोन अर्थांचा?"

"हो, तसंच."

"तसा नव्हता तो."

मी समोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'मान्य कर' असे लिहून त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते वाचले, कागदाची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

"मी केरी-ॲनला लिहिलं होतं," तो फोनला म्हणाला. "तिला कळलं. तुला लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं. तू आहेस हेच मला माहीत नव्हतं."

"मी समजू शकते. पण ही नुसती एक खूण आहे."

"मग खरी खूण कर."

सोमवारपूर्वी कामाचा हा शेवटचा दिवस होता. इमोजेनने फोन ठेवला असता तर प्रकरण पुढच्या आठवड्यात गेले असते, आणि थेंबांची बाटली थंडाव्यासाठी खिडकीबाहेर टांगावी लागली असती. मी बोलायला तोंड उघडले. सेल्विनने हात वर केला.

"यादी संपली का?" त्याने विचारले.

"शेवटी 'इतर' आहे," इमोजेन म्हणाली. "पण ते निवडलं तर कारण मला स्वतः लिहावं लागतं. आणि ते आमच्या वरिष्ठांकडे तपासायला जातं."

"लिहायला काय होतंय? मी वर्षभर लिहितोय."

ती हसली की नाही, ते मला सांगता येणार नाही. कळांचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही. दोनदा तो थांबला आणि खोडल्यासारखा एकाच कळीचा आवाज आला. त्यावरून ती काळजीने लिहिते आहे, असे मी ताडले.

"वाचून दाखवते," ती म्हणाली. "'स्केलब्रुक येथे डिनर हा शब्द दुपारच्या जेवणास लावतात. अर्जदाराचा संदेश स्पष्ट होता व ज्या कर्मचाऱ्यास तो पाठवला तिला तो समजला. अर्जदार सांगितलेल्या वेळी हजर होता. वाचणाऱ्यास शब्द कळला नाही.' चालेल?"

"वाचणाऱ्यास म्हणजे कोणाला?"

"मला, मिस्टर ऑडी. पहिलं पत्र माझंच होतं."

सेल्विन खुर्चीत जरा अवघडला. "तसं नाही गं. लंच जेवणाऱ्याला कसं कळावं?"

"चालेल का?"

"चालेल."

"दंड रद्द. सोमवारी पूर्ण रक्कम जमा होईल. यापुढे कृपा करून घड्याळाची वेळ लिहा."

"लिहीन," तो म्हणाला. "डिनर हा शब्दही लिहीन."

फोन बंद झाल्यावर मी त्याला संगणकापुढे बसवले आणि त्याच क्षणी नोंद करायला लावले. त्याने एका बोटाने, सहा मिनिटांत, हे लिहिले : "शुक्रवार. ११.३० ते १२.०४. वाचनालय. निर्णय अधिकारी इमोजेन हिचा फोन. दंड रद्द. सोमवारी पूर्ण भत्ता." माझा ऊर भरून आला. एवढी सविस्तर नोंद त्याने आजवर केली नव्हती. पडद्याचा फोटो काढायला मी मोबाइल मागितला, तर तो थांब म्हणाला आणि खाली आणखी दोन शब्द लिहिले : "पोरगी बरी."

हे नोंदीत लागत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने ते काढले नाही.