उचापतरावांची आठवणटोपी

वीज जावी म्हणून कुणी देवाला साकडं घालतं का? बबीने घातलं. पाच वाजता जावी, साडेपाचला खुशाल परत यावी, मधला अर्धा तास तेवढा अंधार कर रे बाबा, असं ती शनिवारी सकाळपासून मनातल्या मनात घोकत होती. वीज काही गेली नाही. नको तेव्हा मात्र हमखास जाते मेली.

बबी म्हणजे चाळिशीला टेकलेली बाई, सात वर्षांच्या टिंगीची आई. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून लेकीला घेऊन वडिलांकडे राहायची. एका कार्टून कंपनीत ती विनोद लिहायची. त्यांच्या कार्टूनमध्ये उचापतराव नावाचं एक म्हातारं साळिंदर होतं. पाठीवरच्या काट्यांत नट आवळायचे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि पेन्सिली खोचून ते हिंडायचं, दर शनिवारी नवीन यंत्र बनवायचं आणि दर शनिवारी ते यंत्र बिघडून गावभर गोंधळ घालायचं. पोरं खदाखदा हसायची. टिंगी आणि अण्णा सोफ्यावर शेजारी शेजारी बसून हसायचे, आणि नावांच्या पाटीत बबीचं नाव आलं की अण्णा दर वेळी टाळी वाजवायचे.

अण्णा बबीचे वडील. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. कुठल्या इमारतीची लिफ्ट कुठल्या मजल्यावर कुरकुरते हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता यायचं. अशा माणसाचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा घरात हशा पिकला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून टिंगीने त्यांना आठवडाभर चिडवलं. मग एकदा अर्धीच दाढी करून ते बाजारात जाऊन आले. मग एक दिवस लिफ्टमधून एक मजला वरच उतरले, वरच्या काकूंच्या घरात शिरले आणि त्यांच्याच सोफ्यावर बसून त्यांनाच झापायला लागले, "माझं कपाट कुणी हलवलं?" काकू शहाणी बाई. तिने चहा दिला आणि "चला, मलाही खालीच जायचंय" म्हणत गोडीगुलाबीने त्यांना घरी आणून सोडलं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

तपासणी झाली. अण्णा बाहेर बाकावर बसले होते, आणि आत डॉक्टरीणबाईंनी बबीला आणि तिच्या भावाला सांगितलं की विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, औषधाने वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही. "त्यांना तुम्हीच सांगा, योग्य वेळ बघून," असंही म्हणाल्या. दादाने बाहेर येऊन सांगितलं, "काही नाही अण्णा, जरा जीवनसत्त्वं कमी पडलीत."

झालं! ती योग्य वेळ काही उगवली नाही. दादा आपल्या गावी निघून गेला आणि तिथून फोनवर हुकूम सोडू लागला. "सांगून काय होणारे? हाय खातील ते. गोळ्या घेताहेत ना, मग बस झालं." बबीलाही ते सोयीचंच होतं, खोटं कशाला बोला. मग वरच्या काकूंना सांगितलं, वॉचमनला सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगितलं. अण्णा सोडून सगळ्यांना सांगितलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बबीने वीज जायचा नवस कशाला बोलला असता? पण तिच्या कंपनीतला दिग्दर्शक, ज्याला सगळे लंबूसर म्हणायचे, त्याचा एक हट्ट होता. विनोद डोळ्यांनी बघितलेला पाहिजे, पुस्तकातला उचललेला चालणार नाही. नव्या भागाची मुदत डोक्यावर आली होती आणि बबीला काही सुचत नव्हतं. सुचणार कुठून, डोक्यात दुसरं काही असेल तर ना! शेवटी एका दुपारी ती लिहायला बसली आणि झऱ्यासारखं भडाभडा येत गेलं. उचापतराव एक आठवणटोपी बनवतात. ती घातली की कधीच काही विसरायला होणार नाही. पण टोपी उलटी चालते आणि डोक्यातलं एकेक ओढून घेते. मग उचापतराव चष्मा बर्फात ठेवतात, अर्धेच काटे विंचरून बाजारात जातात आणि कोंबडीबाईंच्या घरात शिरून "माझं कपाट कुणी हलवलं?" म्हणून तिलाच दरडावतात.

बैठकीत तिने ते वाचून दाखवलं तेव्हा लंबूसर टेबलावर डोकं ठेवून हसला. बबीही हसली. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते हसून हसून आलं असं सगळ्यांना वाटलं.

पुढची चूक मात्र कार्टूनवाल्यांच्याच हातून व्हावी अशी. चित्रकारांना चाल हवी होती, म्हातारं साळिंदर गोंधळल्यावर चालेल कसं? त्यांच्याकडे पद्धतच असते की लिहिणाऱ्याने करून दाखवायचं, ते चित्रित करायचं आणि त्यावरून चित्रं काढायची. बबीने करून दाखवलं. एक हात भिंतीला टेकवत, पाऊल टाकायच्या आधी थबकत, बोलण्याआधी बारीक खाकरून "बरं, म्हणजे असं आहे" म्हणत. तिला कल्पनासुद्धा नव्हती आपण काय करतोय त्याची. तयार भाग पडद्यावर आला तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. ते साळिंदर नव्हतंच. काटे लावलेले अण्णा चालत होते.

"सर, हा भाग नको," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? आपला सगळ्यात भारी भाग आहे हा."

"चाल तरी बदला."

"शनिवारी दाखवायचाय, बबी. आता काय बदलणार, माझं डोकं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता शनिवारी पाच वाजता अण्णा स्वतःला बघणार होते. आपल्या लेकीने आपलं सोंग काढलं हे त्यांना कळणार होतं आणि त्यापाठोपाठ आजाराचंही कळणार होतं. तिच्या तोंडून कळलं असतं ते वेगळं, टीव्हीवरच्या साळिंदराकडून कळणं वेगळं. अण्णा एक शब्द बोलणार नाहीत, फक्त आपल्याकडे एकदा बघतील, आणि ती नजर आपल्याला जन्मभर पुरेल, असं तिला वाटत होतं.

तिने नाना खटपटी केल्या. जेवल्यावर म्हणाली, "अण्णा, संध्याकाळी बागेत जाऊ या."

"आज? आज तुझं कार्टून नाही का?" हे बरं लक्षात राहिलं!

रिमोट तिने पिठाच्या डब्यामागे लपवला, तर टिंगीने टीव्हीचं बटण हाताने दाबलं. शेवटचा उपाय म्हणून पाचला थोडा वेळ असताना ती जिन्याजवळ गेली आणि मीटरच्या पेटीतला मुख्य खटका पाडून आली. घर गप्प झालं. बबीने सुस्कारा टाकला. तेवढ्यात अण्णा उठले, पेटीपाशी गेले, खटका वर केला आणि हात झटकत परत आले. "खटका पडला होता नुसता. घाबरलीस की काय? तोंड बघ कसं झालंय."

आणि दारात कोण उभं? विणकामाची पिशवी घेऊन वरच्या काकू. अण्णांनी स्वतः आमंत्रण दिलं होतं, आमच्या बबीचं कार्टून बघायला या म्हणून.

बबीने काकूंना खुर्ची ओढून दिली.

कार्टून सुरू झालं. बर्फातला चष्मा आला तेव्हा अण्णा हसले. अर्धे विंचरलेले काटे आले तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. बबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि पडद्याकडे न बघता फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग उचापतराव भिंतीला हात लावत कोंबडीबाईंच्या घरात शिरले, खाकरले आणि म्हणाले, "बरं, म्हणजे असं आहे, माझं कपाट कुणी हलवलं?"

काकूंच्या सुया थांबल्या. त्यांनी बबीकडे असं बघितलं की तिला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. टिंगीचं हसू अर्ध्यावरच विरलं. तिने आजोबांकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि हळूच आजोबांचा हात धरला.

अण्णा मात्र हसत होते. डोळे पुसून पुसून हसत होते. "काय गाढव आहे! अरे, घर चुकलास बाबा!"

त्यांना कळलंच नाही. सुटले, असं बबीच्या मनात आलं, आणि पाठोपाठ तिला स्वतःचीच शरम वाटली. बापाला त्याची स्वतःचीच ओळख पटली नाही याचा आनंद मानणारी पोरगी, काय म्हणावं हिला!

पडद्यावर कोंबडीबाईंनी चहा दिला आणि उचापतरावांना घरी नेऊन सोडलं. बदकाने, सशाने, सगळ्यांनी एकमेकांना डोळे मिचकावले आणि "छान चाललंय हं, उचापतराव!" म्हणत राहिले. शेवटी टोपी फाटकन फुटली, सगळ्या आठवणी उडून परत डोक्यात शिरल्या आणि नावांची पाटी आली. बबीचं नाव आलं, गेलं. अण्णांनी टाळी वाजवली नाही.

ते बबीकडे वळले. मग म्हणाले, "बाकी मस्त. पण एक चुकलं तुझं."

"काय?" बबीने विचारलं.

"त्याला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की टोपी बिघडलीये. कोंबडीला दिसतंय, सशाला दिसतंय, गावाला दिसतंय, आणि हा बिचारा एकटाच भिंती चाचपत हिंडतोय. हे काय बरोबर नाही. लिफ्ट बिघडली की आम्ही आधी पाटी लावायचो. दुरुस्त होवो न होवो, पाटी आधी. नाहीतर माणूस बेधडक पाय टाकतो ना आत." ते थांबले. "त्याला घरचं कुणी नाही का?"

काकू उठू लागल्या. "बसा काकू," बबी म्हणाली. दादाचं काय म्हणणं आहे, हाय खातील का, योग्य वेळ कुठली, सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं. ती अण्णांच्या समोर खाली बसली आणि तिने सांगून टाकलं. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जीवनसत्त्वांच्या नाहीत हे सांगितलं, आणि ते साळिंदर कुणाला बघून लिहिलं तेही सांगितलं. सांगताना ती रडत होती आणि मध्येच नाक पुसत होती.

मग अण्णांनी विचारलं, "दादाला माहितीये?"

"हो."

"ह्यांना?"

काकूंनी मान खाली घातली.

"वॉचमनला?"

"हो, अण्णा."

"टिंगीला तरी नाही ना?"

"तिला नाही सांगितलं," बबी म्हणाली.

"मला माहीत होतं," टिंगी म्हणाली. तिने अजून त्यांचा हात सोडला नव्हता.

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "वॉचमनला! त्या वॉचमनला सांगितलंत, आणि मला नाही? मी काय मेलो होतो? माझं डोकं आहे ते, तुमच्या बापाचं आहे का?" तुमच्याच बापाचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि हसायची कुणाची छाती झाली नाही. ते आणखी बोलले, दादाला बोलले, डॉक्टरीणबाईंना बोलले, बबीला तर असं बोलले की लहानपणापासून कधी बोलले नव्हते. बबीने ऐकून घेतलं. काकू हळूच दार ओढून निघून गेल्या.

दमून ते सोफ्यावर बसले. घाबरलेले दिसत होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "भीती वाटतेय गं मला," ते म्हणाले.

"मलाही, अण्णा."

"हे आत्ता जे सांगितलंस, ते उद्या लक्षात राहील माझ्या?"

"माहीत नाही. राहील कदाचित. नाही राहिलं तर..."

"तर परत सांगायचं," ते म्हणाले. "सकाळी चहा दिलास की सांगायचं. मी आजच्यासारखा चिडेन, वाटेल ते बोलेन. तरी सांगायचं. वचन दे."

बबीने त्यांच्या हातावर हात ठेवला. उद्या सकाळी हेच सगळं पहिल्यापासून, हाच चेहरा, हेच शब्द, आणि परवाही तेच. तिला धडकी भरली.

"सांगेन," ती म्हणाली.