पाहुण्यांसाठी ठेवलेला झगा

मी एक जुना राखाडी झगा आहे, मित्रांनो. डोक्याला टोपडं आहे, आणि अंगाला कुणाचंच माप नाही. एका भल्यामोठ्या मशिदीच्या दाराशी, चपलांच्या कपाटाशेजारी आम्ही झगे खुंट्यांवर टांगलेले असतो. मशीद बघायला आलेल्या पाहुण्यांचे हातपाय उघडे असले, तर आमची देखभाल करणाऱ्या मावशी आम्हांला त्यांच्या अंगावर चढवतात.

शिवून नवा आलो तेव्हा माझा काय तोरा होता. बाहेर तावातावाने बोलणारी माणसं घुमटाखाली आली की आपोआप हळू बोलू लागत. ते ऐकायला मला फार आवडे. "या झग्यात मी बरा दिसतो," असं एक आजोबा म्हणाले, तर ती स्तुती मी कितीतरी दिवस मिरवली.

पण पायऱ्यांवर लोकांचे पाय पडून पडून माझी खालची दुमड उसवली. नवे झगे आले आणि मी मागच्या खुंटीवर गेलो. एका सकाळी मावशी म्हणाल्या, "याचं आता काही खरं नाही. संध्याकाळी फाडून फरशी पुसायला घेते."

त्याच दिवशी सहलीची बस आली आणि सगळे झगे संपले. घोट्यापर्यंत लांब, पण बिनबाह्यांचा फुलाफुलांचा ड्रेस घातलेल्या एक काकू तेवढ्या उरल्या. मावशींनी नाइलाजाने मला पुढे केलं. "जरा फाटलाय हो, जपून चाला."

"फाटला कुठे, नुसता उसवलाय," काकू म्हणाल्या. "शिवणकामच करते मी." मला अंगात घालूनच त्या बाकावर बसल्या आणि पर्समधला सुईदोरा काढून टाके घालू लागल्या. नजर मात्र उघड्या दारातून दिसणाऱ्या झुंबरावर.

"अगं, आपण मशीद बघायला आलोय की शिवायला?" त्यांच्यासोबतचे काका वैतागले.

"डोळे तिकडेच आहेत, अहो. हात तेवढे इकडे."

मग कितीतरी दिवसांनी मी घुमटाखाली गेलो. काकूंनी मान वर केली आणि त्या बोलायच्याच थांबल्या. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

परत दाराशी येऊन त्या मला काढू लागल्या, तर माझ्यासोबत ड्रेसही वर येऊ लागला. झुंबर बघण्याच्या नादात त्यांनी माझी दुमड ड्रेसच्या कडेलाच शिवून टाकली होती. काका हसून हसून भिंतीला टेकले. बाहेर बसचा भोंगा वाजत होता.

"टाके उसवा की," मावशी म्हणाल्या. "तो फरशी पुसायलाच जाणार आहे."

काकूंचा हात थांबला. "इतकं चांगलं कापड फरशीला? छे. कात्री द्या बघू." आणि त्यांनी टाक्यांना हात न लावता आपल्या ड्रेसची कडच कापली. "नाहीतरी लांबच होत होता मला," असं म्हणत त्या बसकडे पळाल्या.

मावशींनी माझ्या कडेला राहिलेल्या फुलांच्या पट्टीवरून हात फिरवला. मग त्यांनी मला पुढच्या खुंटीवर टांगलं. आता पाहुणे येतात आणि फुलांच्या काठाचा झगा आहे का, म्हणून मलाच मागतात.

मित्रांनो, उसवलेलं काही दिसलं तर ते फाडायची घाई करू नका. आणि कधी माझ्याकडे आलात, तर पायऱ्या चढताना माझी कड हातात धरा. तिथे काकूंचा ड्रेस आहे.